वन्दांग, वन्दाह, वन्दाव

‘ते आले’ हे दोन शब्द तमिळमध्ये लिहायचे असतील, तर चेन्नईचा संपादक, कोइंबतूरचा गिरणीमालक, कारैक्कुडीचा शिक्षक आणि जाफन्याचा डॉक्टर असे चौघेही एकच वाक्य लिहितील : अवर्गळ् वन्दार्गळ्. मात्र लिहिलेले हे वाक्य घरी गेल्यावर चौघांपैकी एकजणही उच्चारणार नाही. चेन्नईत ते ‘अवंग वन्दांग’ होईल. शिवगंगा, रामनाथपुरम, कारैक्कुडीकडे ‘अवुह वन्दाह’. त्याच्याही खाली, तिरुनेलवेली-नागरकोइलच्या पट्ट्यात, ‘अविय वन्दाव’. ब्राह्मणांच्या घरात, मग ते घर राज्यात कुठेही असो, ‘अवा वन्दा’. आणि सामुद्रधुनी ओलांडून श्रीलंकेत जाफन्याला गेलात, तर ‘अवै वन्दवै’.

हा सगळा फरक एका शेपटाचा आहे. ‘वन्द्’ हा भूतकाळी भाग कुठेच बदलत नाही; बदलते ते मागचे ‘आर्गळ्’. जुन्या तमिळमध्ये ‘आर्’ एकटाच पुरेसा होता. ‘वन्दार्’ म्हणजे पुष्कळजण आले. मग आपल्याकडे ‘बाबा आले’ म्हणताना जे झाले तेच तिकडेही झाले. एका माणसाला मान द्यायचा म्हणून अनेकवचन वापरात आले. ‘वन्दार्’ हे एका आदरणीय माणसाचे रूप ठरल्यावर, खरोखरच चारजण आले तर काय म्हणायचे, हा प्रश्न उभा राहिला. मराठीने तो प्रश्न संदर्भावर सोडून दिला. तमिळने आणखी एक प्रत्यय जोडला, ‘कळ्’. (तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे, दोन स्वरांच्या मध्ये किंवा र्-नंतर त्याचा ग ऐकू येतो.) ‘तोल्काप्पियम्’ या तमिळच्या सर्वांत जुन्या उपलब्ध व्याकरणाप्रमाणे हा ‘कळ्’ माणसांना लागतच नाही, तो जनावरांच्या आणि वस्तूंच्या नामांचा. ‘तिरुक्कुरळ’मध्ये मात्र तो माणसांना लागलेला दिसतो, म्हणजे ही दुहेरी अनेकवचने आजकालची नव्हेत. आणि कथा तिथेही थांबली नाही. आज घरातल्या एकट्या आजीसाठीही ‘वन्दांग’ म्हणतात. आदरापायी अनेकवचन झिजते, मग नवे आणावे लागते, आणि काही शतकांनी तेही झिजते.

आता या ‘आर्गळ्’चे कुणी काय ठेवले ते पाहा. मधल्या आणि उत्तरेच्या पट्ट्याने शेवटचा ळ् सोडला आणि ‘आंग’ राखले. रामनाडकडे, म्हणजे रामनाथपुरमच्या बाजूला, ‘ग’चा ‘ह’ झाला. तिरुनेलवेलीत तो ‘व’पर्यंत मऊ झाला. ब्राह्मणी बोलीत सगळेच गेले आणि लांबवलेला ‘आ’ तेवढा उरला. परक्याला वाटावे, चार ठिकाणी चार प्रकारची मोडतोड झाली. पण याच रूपांना प्रश्नार्थक ‘आ’ लावून बघा. ‘आले का?’ असे विचारायचे झाले की चेन्नईकर म्हणतो ‘वन्दांगळा?’, रामनाडचा म्हणतो ‘वन्दाहळा?’, तिरुनेलवेलीचा ‘वन्दावळा?’ आणि ब्राह्मण घरात ऐकू येते ‘वन्दाळा?’ गेलेला ळ चारही ठिकाणी जागच्या जागी परत आला! तो कुणी विसरलेलेच नव्हते. शब्दाच्या शेवटी उच्चारायचा नाही आणि पुढे स्वर आला की उच्चारायचा, एवढा साधा नियम आहे, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा तो चुकत नाही. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी हा एक ळ ऐकावा असे मला फार वाटते.

तमिळ परंपरेने बोलींना दिलेले नाव मात्र कडक आहे. प्रमाण ती ‘सेन्-तमिळ’. सेम्मै म्हणजे सरळपणा, नेटकेपणा. बाकीची ती ‘कोडुन्-तमिळ’, वाकडी तमिळ. तोल्काप्पियम् स्वतः इतके कठोर नाही. त्यात शब्दांचे चार वर्ग सांगितले आहेत आणि त्यांतला एक आहे ‘तिसैच्चोल्’, म्हणजे दिशांकडचे शब्द. सेन्-तमिळ प्रदेशाला लागून असलेल्या बारा मुलखांतले. व्याकरणकाराने या शब्दांना बाहेर काढलेले नाही, वर्गात जागा दिली आहे. मध्ययुगीन टीकाकारांनी दिलेली त्याची उदाहरणे वाचताना आज अंगावर रोमांच उभे राहतात. कुणीकडे आईला ‘तळ्ळै’ म्हणतात, कुणीकडे वडिलांना ‘अच्चन्’ म्हणतात, असे ते सांगतात. हे मुलूख पश्चिम किनाऱ्याचे. आज ‘अच्छन्’ हा वडिलांसाठी मल्याळमचा रोजचा शब्द आहे आणि ‘तळ्ळ’ हाही मल्याळम कोशात आहे. टीकाकाराला जो तमिळचा प्रादेशिक शब्द वाटला, तो एका नव्या भाषेच्या जन्माची वर्दी होता.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आहेत आणि प्रमाण मराठी आहे. पण प्रमाण मराठी काही घरांत रोज बोलली जाते. तमिळमध्ये पुस्तकी भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नाही. ती बातम्यांची, व्याख्यानांची आणि वर्गातल्या वाचनाची. १९५२च्या ‘पराशक्ती’त करुणानिधींनी लिहिलेले संवाद याच घाटाचे होते आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९७७मध्ये, भारतीराजांच्या ‘पदिनारु वयदिनिले’ने कॅमेरा स्टुडिओतून उचलून गावात नेला, आणि पडद्यावरची माणसे आपापल्या गावासारखी बोलू लागली. पुढे ‘परुत्तिवीरन्’ (२००७) आणि ‘सुब्रमणियपुरम्’ (२००८) यांनी मदुरेची बोली राज्यभर पोचवली. ‘अंगिट्टु’, ‘इंगिट्टु’ म्हणजे तिकडे, इकडे. आणि ‘पोरं आली’ म्हणायचे तर ‘पसंग वन्दाइंग’. मदुरेत जन्मलेल्या वडिवेलूच्या तोंडी ही बोली इतकी बसली, की आता ती कुणालाच परकी वाटत नाही.

पश्चिमेकडे, कोइंबतूर-ईरोड-तिरुप्पूरच्या कोंगू मुलखात, आदराला स्वतंत्र प्रत्ययच आहे. ‘ंग’ हे आदरार्थी टोक सगळीकडे लागते, पण कोंगूत ते कशालाही लागते. ‘आमांग’ (होय), ‘सरिंग’ (बरं), ‘इल्लिंग’ (नाही). पुष्कळदा शेवटचा अ गिळून नुसता नाकातला ‘ङ्’ ठेवतात : ‘एनुङ्’, म्हणजे ‘का हो?’ लहान मुलीला ‘अम्मिणी’, कुणालाही मायेने ‘कण्णु’, म्हणजे डोळा. घरी आलेल्या नातेवाइकांना ‘ओरम्बरै’ म्हणतात. ग्रांथिक ‘उरविन्मुरै’ म्हणजे नातेसंबंध, त्याचे हे घरगुती रूप. परसदार ते ‘पोडक्कालि’. सगळे मिळून, एकदम, ते ‘ओट्टुक्का’. आणि गप्पा मारणे याला कोंगूत ‘पळमै’ म्हणतात. पुस्तकी भाषेत पळमै म्हणजे जुनेपण. दोन म्हातारे ओट्यावर बसून बोलत असतील तर ते जुनेच काढणार, असा काही हिशेब या अर्थामागे असावा असे मला वाटते.

या मुलखाला साहित्यात आणले ते आर. षण्मुगसुंदरम् यांनी, त्यांची ‘नागम्माळ’ (१९४२) ही कोंगूची पहिली प्रादेशिक कादंबरी मानतात. पुढे तिरुच्चेंगोड्याकडच्या पेरुमाळ मुरुगन् यांनी, कादंबरीकार म्हणून देशभर नाव होण्याच्या आधीच, २०००मध्ये कोंगू शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. कादंबरीकाराने कोशकाराचे हे कंटाळवाणे समजले जाणारे काम करावे, ही तमिळमधली फार मोलाची रीत आहे.

ती रीत घातली की. राजनारायणन् यांनी. लोक त्यांना ‘की. रा.’ म्हणत. कोविलपट्टीजवळचे इडैसेवल हे त्यांचे गाव. तो मुलूख ‘करिसल्’, म्हणजे काळ्या मातीचा, कापसाचा. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या माणसाला तिथली माती ओळखीची वाटेल. की. रा. घरी तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबातले, शिक्षण थोडे, धंदा शेतीचा. १९८२मध्ये त्यांनी करिसल् बोलीचा कोश काढला. विद्यापीठाने करायचे काम शेतकऱ्याने केले आणि मग पाँडिचेरी विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावले. १९९१ साली ‘गोपल्लपुरत्तु मक्कळ’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १७ मे २०२१ रोजी ते पुदुच्चेरीत वारले, तेव्हा तमिळनाडू सरकारने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. बोलीत लिहिणाऱ्या लेखकाला एखाद्या राज्याने दिलेला हा मान आपणही लक्षात ठेवावा असा आहे.

करिसल्‌मधला एक शब्द मला विशेष प्रिय आहे, ‘संसारी’. तिथे संसारी म्हणजे शेतकरी. संस्कृत ‘संसार’ दक्षिणेत उतरला आणि प्रत्येक अंगणात वेगळा वाढला. मराठीत संसार म्हणजे घरप्रपंच, भांडीकुंडी, मुलेबाळे. सर्वसाधारण तमिळ बोलण्यात ‘संसारम्’ म्हणजे बायको. मल्याळममध्ये ‘संसारिक्कुग’ म्हणजे बोलणे. आणि काळ्या मातीत, जो नांगर धरतो, बैल पोसतो, पावसाची वाट बघतो, तोच तेवढा संसारी. व्यापारी, कारागीर यांनाही घरदार असतेच, तरी हे नाव तिथल्या लोकांनी शेतकऱ्यालाच दिले. एका शब्दात त्या मुलखाचे सगळे अर्थकारण आले आहे.

दक्षिणेला आणखी सरकले की नेल्लै, म्हणजे तिरुनेलवेली. इथे मित्राला हाक मारायची तर ‘एले’. ‘ये रे’ म्हणायचे तर ‘वाले’. पोरीला ‘एट्टी’. चेन्नईच्या माणसाला ‘ले’ उद्धट वाटतो, नेल्लैच्या माणसाला त्याशिवाय मैत्री कोरडी वाटते. बरोबरीच्या पण मान राखायच्या पुरुषाला ‘एन्नवे’, म्हणजे ‘काय हो’. मोठ्या भावाला आणि भावासमान माणसाला ‘अण्णाच्चि’. नेल्लैकडच्या लोकांनी चेन्नईत गल्लोगल्ली किराणा दुकाने काढली, आणि हा शब्द दुकानाला चिकटला. चेन्नईत ‘अण्णाच्चि कडै’ म्हणजे कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान. मुंबईतल्या धारावीतही तमिळ वस्तीचा मोठा भाग मुळात तिरुनेलवेलीकडचा. आपण सगळ्या दाक्षिणात्यांना सरसकट ‘अण्णा’ म्हणून मोकळे होतो. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द मराठीनेही द्राविडी शेजाऱ्यांकडूनच घेतले आणि इतके आपले केले, की आज कुणाच्या मनातही येत नाही. पण धारावीतल्या वडीलधाऱ्या नेल्लै माणसाला कधी ‘अण्णाच्चि’ म्हणून पाहा. त्याच्या गावचे नाव घेतल्यासारखे होईल.

नात्याच्या शब्दांनी तर परगावच्या सुनेचा पहिला महिना कठीण जावा. ‘आच्चि’ म्हणजे नेल्लैत आजी. चेट्टिनाडमध्ये, म्हणजे कारैक्कुडीच्या मुलखात, लग्न झालेल्या बाईचे आदराचे संबोधन. चेट्टिनाडमध्ये वाढलेल्या अभिनेत्री मनोरमा यांना सगळे राज्य आच्चि म्हणे ते त्यामुळे. ‘अप्पच्चि’ म्हणजे चेट्टिनाडमध्ये वडील, कोंगूत आईचे वडील.

कन्याकुमारी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्रावणकोर-कोचीनकडे होता, आणि त्याची साक्ष तिथले पाणी देते. उरलेल्या तमिळनाडूत ‘वेळ्ळम्’ म्हणजे पूर. कन्याकुमारीकडच्या गावांत, मल्याळमप्रमाणेच, वेळ्ळम् म्हणजे प्यायचे पाणी. तहानलेला नागरकोइलकर मदुरेत जाऊन ‘थोडा पूर द्या’ म्हणतो तेव्हा काय होत असेल ते सांगायला नको. याच भागात, म्हणजे नांजिल्‌नाडात, ‘सवम्’ हा शब्द उठता-बसता ऐकू येतो. सवम् म्हणजे शव, प्रेत. ‘सवत्तै विडु’ याचा शब्दशः अर्थ ‘प्रेत सोड’, आणि खरा अर्थ ‘जाऊ दे मेलं’. आपल्याकडच्या आजीबाईंचे ‘मेलं’, ‘मेल्या’ आणि नांजिल्‌नाडचे हे ‘सवम्’ एकाच मनातून निघालेले आहेत. मृत्यूचे नाव घ्यायचे आणि त्यातला विखार काढून टाकायचा. नांजिल् नाडन् यांच्या लेखनात ही बोली पानोपानी आहे. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षे मुंबईत होते; आपल्या शहरात राहून त्यांनी आपल्या गावची भाषा जिवंत ठेवली.

चेन्नईची ‘मद्रास बाषै’ मराठी माणसाला सगळ्यांत लवकर कळेल. ती बंदराची, रिक्षावाल्यांची, मासळीबाजाराची भाषा. अर्काटच्या नवाबाची उर्दू आणि शेजारची तेलुगू तिच्यात मुरली आहे. ‘नास्ता’ उघडच आहे. ‘बेजार्’ म्हणजे कटकट. ‘कलीज्’ म्हणजे घाण. फारसी-अरबी ‘गलीज’वरून तिकडे कलीज् झाले, आपल्याकडे गलिच्छ. ‘बेमानि’ म्हणजे बेइमान. वडिलांना ‘नैना’, तो तेलुगू. पैशाला ‘दुट्टु’, डचांच्या ड्यूट नावाच्या नाण्याशी त्याचे नाते जोडतात, आणि कोकणीत आजही पैशाला दुड्डू म्हणतात. रिक्षासमोर अचानक कुणी आडवे आले की चालक ओरडतो, ‘सावुगिराक्कि!’ सावु म्हणजे मरण, आणि गिराक्कि आपल्या गिऱ्हाइकाच्या कुळातला. मरणाचे गिऱ्हाईक! शिवी असूनही तिच्यात व्यापारी शहराची नजर आहे. आणखी एक शिवी ‘कस्मालम्’. कोळीणही ती सहज हासडते. मूळ आहे संस्कृत ‘कश्मल’, भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णाने अर्जुनाच्या खचलेपणाला वापरलेला शब्द. कुरुक्षेत्रावरून तो मद्रासच्या घाटावर कुठल्या वाटेने आला असेल याचा विचार करण्यात एखादी रात्र सुखाने जावी. ‘मुन्नाभाई’ची तमिळ आवृत्ती ‘वसूल राजा एमबीबीएस’ (२००४) काढताना बंबैया हिंदीच्या जागी हीच बोली आली. दुसरे काही शोभलेच नसते.

जातीचा विषय टाळून तमिळ बोलींबद्दल लिहिता येत नाही. विल्यम ब्राइट आणि ए. के. रामानुजन यांनी १९६०च्या दशकात ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर तमिळची बारकाईने तुलना केली. ब्राह्मणी बोली संस्कृतने भरलेली असा सर्वसाधारण समज आहे, आणि ‘जलम्’, ‘तीर्त्तम्’ असे शब्द त्याला दुजोरा देतात. पण घरासाठी सगळे ‘वीडु’ म्हणतात तिथे ही बोली ‘आम्’ म्हणते, ‘घरी’ला ‘आत्तुक्कु’. आणि तो आहे शुद्ध जुना तमिळ ‘अगम्’, म्हणजे आतले, घर. अय्यंगारांच्या घरात रसमला ‘सात्तमुदु’ म्हणतात. सारु अधिक अमुदु, अमृत. कानडी सारु आणि आपले कोकमाचे सार त्याचेच नातलग.

तंजावरकडे भोसल्यांनी १६७६ पासून १८५५ पर्यंत राज्य केले, तेव्हा तिथे मराठी खुणा शोधायचा मोह होतोच. सांबाराच्या नावाची संभाजीराजांशी जोडलेली गोष्ट रंजक आहे, पुरावा म्हणून तिला किंमत नाही. खरी खूण सध्या प्रत्येक तमिळ मुलाच्या दप्तरात आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. शाळेच्या वेळापत्रकाला तमिळमध्ये ‘काल अट्टवणै’ म्हणतात. अट्टवणै म्हणजे तक्ता, यादी, सूची. कोशकार त्याचे मूळ मराठी ‘आठवण’ या शब्दात सांगतात. दफ्तरी भाषेत आठवण म्हणजे टिपण. कारकुनांनी नेलेला शब्द राजघराण्यापेक्षा जास्त टिकला.

जाफन्याच्या तमिळसाठी वेगळा लेख हवा, पण दोनतीन गोष्टी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत ‘हा’ आणि ‘तो’ आहेत. मुख्यभूमीवरच्या तमिळमध्येही आज ‘इदु’ आणि ‘अदु’ एवढेच. जाफन्यात तिसरे आहे, ‘उदु’ : माझ्याजवळचे नव्हे, फार दूरचेही नव्हे, तुझ्यापाशी असलेले. तोल्काप्पियम्‌मध्ये अ, इ, उ अशी तिन्ही दर्शके सांगितली आहेत. भारतातल्या तमिळने ‘उ’ गमावला, बेटावरच्या तमिळने तो स्वयंपाकघरात आणि बाजारात वापरात ठेवला. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या मधला ‘नीर्’ही तिथे टिकून आहे. बोलण्याला जाफन्यात ‘कदैक्किरदु’ म्हणतात, कथेवरून. घाईने म्हणजे ‘गेदिया’, गतीवरून. होकार ‘ओम्’, त्याचा ओंकाराशी संबंध नाही, तो जुन्या ‘आम्’चा उच्चार. पावाला ‘पाण्’, आणि पोर्तुगिजांच्या ज्या शब्दाचा आपण पाव केला त्याचाच हा भाऊ. ऑफिसला ‘कन्दोर्’, तो डचांचा. १९८३ ते २००९ या युद्धाच्या वर्षांत हे लोक टोरांटोला, लंडनला, पॅरिसला पांगले आणि ‘उदु’ही त्यांच्याबरोबर गेला. कोडुन्-तमिळ हे नाव ज्याने ठेवले त्याला यातले किती ‘वाकडे’ म्हणता येईल? शाळेने जे जपले नाही ते इथे जपले गेले.

शेवटी एका अक्षराबद्दल. तमिळ माणसाला आपल्या ज्या अक्षराचा सर्वांत जास्त अभिमान, ते ‘तमिळ’ या नावातलेच शेवटचे अक्षर. ‘सिरप्पु ळगरम्’ म्हणजे खास ळ असे त्याला म्हणतात. जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकवायची नाही. हा उच्चार सगळ्या तमिळ लोकांना येतो असे मात्र नाही. मदुरे, तिरुनेलवेली, जाफना इथे तो सरळ आपल्या ळ-मध्ये मिसळला. केळ्याला ते ‘वाळप्पळम्’ म्हणतात. मद्रास बाषैत त्याचा य होतो, ‘वायप्पयम्’. इंग्रजीत लिहिताना या अक्षरासाठी झेड आणि एच वापरायची चाल पडली, ती केवळ सोय म्हणून. त्याचा ‘झ’ मात्र तमिळनाडूच्या कुठल्याही गावात, कुठल्याही जातीत, कुणीच करत नाही.

तो आपण करतो. ‘तमिळ’ लिहिताना आपण ळ लिहितो, ‘द्रविड मुन्नेत्र कळघम’मध्ये जुन्या मराठी पत्रकारांनी ळच लिहिला, आणि तेच अक्षर खासदारांच्या नावात आले की ‘कनिमोझी’ छापतो. केरळमधले तेच अक्षर ‘कोझिकोड’ आणि ‘अलाप्पुझा’ होते. ज्या भाषेला ळ नाही तिने काहीही करावे. मराठीला ळ आहे, आणि लाखो तमिळ लोक या अक्षराच्या जागी तोच उच्चारतात. मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना आणि वृत्तवाहिन्यांवरच्या निवेदकांना माझी विनंती आहे : कनिमोळी, कोळिकोड, आलप्पुळा असे लिहा आणि बोला.